तीनचा खेळ आणि घरचे जेवण

महाराष्ट्रातल्या अनेक शहरी कुटुंबांची आठवड्याची सुटी दोन गोष्टींभोवती आखली जाते: चित्रपट आणि घरचे जेवण. सकाळी निवांत चहा, न्याहारीला पोहे किंवा थालीपीठ, बाराच्या सुमारास रविवारचे खास जेवण, मग तीनचा किंवा सहाचा खेळ आणि परतल्यावर खिचडी-कढी, असा हा क्रम आहे. तो आज सहज वाटतो, पण तो घडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. कामगारांनी झगडून मिळवलेली सुटी, चित्रगृहांचे वेळापत्रक, शहरांची वस्ती आणि स्वयंपाकघरात खपणाऱ्या माणसांचे श्रम, या चार गोष्टींवर तो उभा आहे. त्यांचा मेळ जसा बदलला, तशी सुटी घालवण्याची रीतही बदलली.

रविवार कसा मिळाला

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्यांतले काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. ठरावीक साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनची स्थापना केली. कामगारांना आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांती मिळावी, ही त्यांच्या मागण्यांतली प्रमुख मागणी होती. सभा, अर्ज आणि हजारो कामगारांच्या सह्या यांतून ती अनेक वर्षे रेटली गेली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने घाटावरून मुंबईत आलेल्या कामगारांना तो जवळचाही होता.

शनिवार मात्र फार उशिरा मोकळा झाला. केंद्र सरकारच्या कार्यालयांना १९८५ मध्ये पाच दिवसांचा आठवडा मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी होती. पाच दिवसांचा आठवडा तेथे २९ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे एका शनिवारीच, सुरू झाला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात मराठी नोकरदाराची सुटी म्हणजे शनिवारची अर्धी दुपार आणि अख्खा रविवार. चित्रपट आणि स्वयंपाक या दोहोंना त्या दीड दिवसात बसावे लागे. दुकानदार, हॉटेलातले कामगार, परिचारिका आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना तेवढाही अवकाश आजवर सरसकट मिळालेला नाही.

पडदा आणि पहिली पंगत

रविवारची सुटी मिळाल्यानंतर सहा वर्षांनी मुंबईत चित्रपट आला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया होते, म्हणजे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. पुढच्याच आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि हळूहळू प्रेक्षक वाढले.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तो शनिवार होता. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तोही शनिवारी. आठवड्याची सुटी समोर ठेवून चित्रपट लावण्याची पद्धत अशी पहिल्यापासूनची आहे. पुढे हा मान शुक्रवारकडे गेला. ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी आला तो शुक्रवारी, आणि आजही बहुतेक चित्रपट शुक्रवारीच लागतात. शुक्रवारी पाहणाऱ्यांचे मत शनिवारी घराघरांत पोचते आणि रविवारचा गल्ला त्यावर ठरतो.

चित्रपट आणि घरचे जेवण यांचे नाते ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीतही दिसते. दादरला चित्रीकरण चालू असताना फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक करीत. त्याशिवाय फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे आणि उन्हाची तिरीप कलावंतांवर वळवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, हीही कामे त्या करीत. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने गहाण पडले. चित्रपटात राणी तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना निवडले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटाची पहिली मंडळी एका घरच्या चुलीवर जेवली, ही नोंद चित्रपटाच्या इतिहासात जपून ठेवावी अशी आहे.

चित्रगृहांची वस्ती

चित्रगृहे वाढली ती चालत पोचता येईल अशा वस्त्यांत. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन सुरू झाले. ते शहरातले पहिले कायमचे चित्रगृह. १९३४ मध्ये प्रभात सुरू झाले आणि मराठी बोलपटांचे ते माहेरघर ठरले. विजय, भानुविलास, मिनर्व्हा, अलका, नीलायम ही चित्रगृहे पेठांच्या आत किंवा पेठांना लागून होती. मुंबईत फोर्टच्या बाजूला रीगल १९३३ मध्ये, इरॉस आणि मेट्रो १९३८ मध्ये उभी राहिली. इंग्रजी चित्रपटांचा प्रेक्षक तिकडे जाई. गिरगावातल्या सेंट्रलमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ पासून वर्षभराहून अधिक काळ चालला. दादरचे प्लाझा आणि लालबागचे भारतमाता ही मराठी प्रेक्षकाची हक्काची ठिकाणे झाली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ पासून वर्षानुवर्षे चालू राहिला.

खेळांच्या वेळा बारा, तीन, सहा आणि नऊ अशा ठरून गेल्या. तीनचा खेळ कुटुंबाचा, सहाचा नोकरदार जोडप्यांचा, नऊचा पाळीवरून सुटलेल्या कामगारांचा आणि विद्यार्थ्यांचा. सकाळच्या मॅटिनीला जुने किंवा इंग्रजी चित्रपट कमी दरात मिळत. आगाऊ तिकिटांसाठी घरातला एखादा मुलगा तिकीटबारीच्या रांगेत उभा राही. दर्शनी भागी ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागला की तिकिटे बाहेर चढ्या भावाने विकली जात. आत डोअरकीपर बॅटरीच्या झोतात जागा दाखवी. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट, जाहिराती आणि मग चित्रपट, असा क्रम असे. मध्यंतरात बटाटेवडा, सामोसा, खारे शेंगदाणे, वेफर आणि चहा मिळे. आपापल्या चित्रगृहाच्या कँटीनमधल्या वड्याची कीर्ती प्रेक्षक कौतुकाने सांगत.

घरचा खाऊ आत नेण्याला तेव्हा फारशी आडकाठी नव्हती. पितळी किंवा स्टीलच्या डब्यात चिवडा, भडंग, शेंगदाण्याचा लाडू, लहान मुलांसाठी गूळपोळी किंवा साखरपोळी जाई. जे सांडत नाही, ज्याला वास येत नाही आणि जे अंधारात हाताने खाता येते, तेच डब्यात भरले जाई.

घड्याळ आणि चूल

तीनचा खेळ गाठायचा तर घरातून अडीचला निघावे लागते. त्याआधी जेवणे, झाकपाक, भांडी आणि तयारी उरकायची असते. म्हणजे ताटे साडेबाराला वाढायला हवीत आणि चूल नऊलाच पेटायला हवी. रविवारच्या स्वयंपाकाचा सारा आराखडा चित्रगृहाच्या घड्याळावरून मागे मागे मोजला जातो.

हा हिशेब सोपा करण्यात प्रेशर कुकरचा मोठा वाटा आहे. हॉकिन्स ही कंपनी १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत कुकर मध्यमवर्गीय ओट्यावर आला. डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी तीन भांड्यांत शिजू लागले. त्या आधी चुलीवर किंवा शेगडीवर डाळ शिजायला तासभर आणि भाताला वेगळा वेळ लागे. गॅसची शेगडी, मिक्सर आणि फ्रीज हे त्यानंतर घरी आले. भाजलेले कांदा-खोबरे पाट्यावर वाटण्याचे काम मिक्सरने काही मिनिटांवर आणले, आणि आदल्या दिवशीचे वाटण फ्रीजमध्ये टिकू लागले. याच काळात, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी आणि चमच्याच्या मापात सांगितलेल्या कृतींमुळे आईपासून दूर संसार थाटलेल्या नव्या गृहिणीला, आणि पुढे स्वयंपाक शिकणाऱ्या पुरुषांनाही, घरचे जेवण जमू लागले.

रविवारचे ताट प्रदेशागणिक वेगळे. कोल्हापुरात मटणाचा बेत. सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांग असते. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवले की त्याचे पाणी, म्हणजे अळणी, बाजूला काढतात. त्यात नारळाचे दूध आणि तीळ, खसखस, काजूचे वाटण घातले की पांढरा रस्सा होतो. कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घातले की तांबडा. एकाच भांड्यातल्या मटणातून सुके, तांबडा आणि पांढरा असे तीन पदार्थ निघतात. मालवणी घरात कोंबडी-वडे किंवा बाजारात जे ताजे मिळेल त्या माशाची आमटी, तळलेली तुकडी, भात आणि सोलकढी. खानदेशात हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, एरवी शेवभाजी. नागपुराकडे सांभारवडी आणि पाटवडीचा रस्सा. पुण्या-मुंबईतल्या शाकाहारी घरात मसालेभात, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर आणि सणवार असल्यास श्रीखंड-पुरी.

या जेवणांत एक समान सूत्र आहे. दुपारचे जेवण कष्टाचे आणि भरपूर, रात्रीचे हलके आणि एका भांड्यात होणारे. चित्रपटाहून परतल्यावर मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड, किंवा पिठले-भात, किंवा मेतकूट-भात आणि तूप. वरणात कणकेच्या चकत्या शिजवलेली वरणफळे हाही तसाच उपाय. डाळ-तांदूळ दुपारीच धुऊन ठेवले आणि ताक घुसळलेले असले, तर कुलूप उघडल्यापासून अर्ध्या तासात ताटे वाढता येतात. दुपारच्या पोळ्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची फोडणीची पोळी होते, आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात.

गिरणगाव, खानावळ आणि मेस

सगळ्यांचे घर शहरात नसे. गिरण्यांत काम करणारे बरेच पुरुष कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने राहत. त्यांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या गिरणगावच्या चाळींतच असत. एकेक बाई स्वतःच्या संसारासोबत अनेक कामगारांना दोन वेळा जेवू घाली. कामगाराच्या गावाकडची चव त्या जेवणात असे, म्हणून ते घरचेच मानले जाई. रविवारी मासे किंवा मटण, आणि त्यानंतर दुपारच्या किंवा रात्रीच्या खेळाला जाणे हा ठरलेला कार्यक्रम. लालबाग-परळच्या या प्रेक्षकाने दादा कोंडके यांना उचलून धरले. कोंडके स्वतः गिरणी कामगाराच्या घरात वाढले होते. १९७१ च्या ‘सोंगाड्या’नंतर त्यांचे चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालत गेले.

खानावळवाल्यांना मात्र रविवारी दुप्पट काम पडे. उधारीवर किराणा, सावकाराचे व्याज आणि सुटी नाही, अशी त्यांची स्थिती होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकांचे कर्ज मिळवून दिले. जेवण रांधण्याच्या कामाला उत्पन्नाचे आणि प्रतिष्ठेचे स्वरूप देणारी महाराष्ट्रातली ही एक मोठी घटना आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्यासोबत खानावळींचे आणि त्या भागातल्या चित्रगृहांचे रोजचे गिऱ्हाईकही ओसरले.

पुण्यात हीच भूमिका विद्यार्थ्यांच्या मेसने बजावली. सदाशिव, नारायण पेठेत किंवा डेक्कनच्या आसपास घरगुती मेस चालवणाऱ्या कुटुंबांकडे रविवारी सकाळी फीस्ट असते: पुरी, गोड पदार्थ, मसालेभात, दोन भाज्या. रविवारी संध्याकाळी मेस बंद. मेस चालवणाऱ्यांना त्यामुळे आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते, आणि पोट भरलेला, रात्रीच्या जेवणाची सोय नसलेला विद्यार्थी हमखास चित्रगृहाकडे वळतो. बाहेरगावी जाणारा विद्यार्थी मेसमध्ये आधी खाडा सांगतो, म्हणजे चुकणाऱ्या जेवणांचे पैसे वाचतात. त्या पैशांतून पुढच्या चित्रपटाचे तिकीट निघते.

तंबू, गल्ली आणि दिवाणखाना

खेड्यांत शनिवार-रविवारला महत्त्व नव्हते. तिथे सुटी ठरे ती जत्रेवरून. सुगीनंतर गावोगावच्या जत्रांत फिरते चित्रपट तंबू ठोकून बसत. ट्रकवर लादलेले प्रक्षेपक, दांड्या आणि कनाती, जनरेटर आणि ध्वनिवर्धकावरून ओरडून केलेली जाहिरात हे त्याचे साहित्य. साताऱ्याकडच्या पुसेगावच्या जत्रेत अशा तंबूंची रांग लागत असे. जत्रेकरू भाकरी, ठेचा, झुणका आणि कांदा फडक्यात बांधून आणीत, देवदर्शन झाल्यावर मोकळ्या रानात जेवत आणि रात्रीच्या खेळाला तंबूत मांडी घालून बसत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात या व्यवसायाची अखेरची वर्षे टिपली. डिजिटल प्रक्षेपण आणि मोबाइल आल्यावर तंबू झपाट्याने कमी झाले.

शहरांच्या गल्ल्यांतही मोफत पडदा येई. गणेशोत्सवात मंडळे रस्त्याच्या मधोमध कापड ताणून चित्रपट दाखवीत. कापडाच्या दोन्ही बाजूंनी लोक बसत. मागच्या बाजूच्यांना अक्षरे उलटी दिसत, पण त्याची कोणाला तक्रार नसे. घरातून चटया, पाण्याचे तांबे आणि प्रसादाच्या खिरापतीचे द्रोण येत.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि चित्रपट घरात आला. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी. सुरुवातीची काही वर्षे चाळीत किंवा इमारतीत एखाद-दुसराच संच असे आणि शेजारीपाजारी तिथे गोळा होत. चित्रपट मध्येच थांबवून बातम्या दाखवल्या जात, तेवढ्या वेळात स्त्रिया घरी जाऊन कुकर लावून येत. ज्यांच्या घरी संच, त्यांच्या स्वयंपाकघरावर पाहुणचाराचा भार पडे; म्हणून कोणी वाटीभर चिवडा, कोणी भाजलेल्या शेंगा घेऊन येई. १९८० च्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभरात दोन-तीन चित्रपट पाहण्याची टूम निघाली. त्या जागरणासाठी पावभाजी, मिसळ किंवा मोठे पातेले भरून पुलाव हे पदार्थ सोयीचे ठरले, कारण ते एकदाच करून हवे तेव्हा वाढता येतात.

मल्टिप्लेक्स आणि डब्याचा प्रश्न

१९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागात पीव्हीआरने मल्टिप्लेक्स सुरू केले आणि काही वर्षांतच ही पद्धत मुंबई-पुण्यात पोचली. एका इमारतीत अनेक पडदे असल्याने बारा-तीन-सहा-नऊ हे वेळापत्रक मोडले. सकाळी नऊला, दुपारी पावणेदोनला, रात्री साडेदहाला, कधीही खेळ मिळू लागला. रविवारचे जेवण आता चित्रगृहाच्या घड्याळाला बांधलेले राहिले नाही. उलट घरच्या सोयीने खेळ निवडता येऊ लागला. घरबसल्या ठरावीक आसन आरक्षित करता आल्याने रांगही संपली.

नवा प्रश्न उभा राहिला तो खाण्याचा. मल्टिप्लेक्समध्ये तपासणी करून घरचा डबा बाहेर ठेवायला लावतात आणि आतले पदार्थ महाग असतात. यामागे व्यवसायाचे गणित आहे. तिकिटाच्या उत्पन्नात वितरकाचा मोठा वाटा असतो. पहिल्या आठवड्यात तो साधारण निम्म्याच्या आसपास जातो. खाद्यपदार्थांचे उत्पन्न मात्र चित्रगृहाकडेच राहते. वातानुकूलन, भाडे आणि कर्मचारी यांचा खर्च भागवण्यात त्याचा मोठा हातभार लागतो.

२०१८ मध्ये हा वाद महाराष्ट्रात तापला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, पुण्यात आंदोलन झाले, आणि बाहेरचे पदार्थ नेण्यास बंदी नसल्याचे राज्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. प्रत्यक्षात बंदी चालूच राहिली. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने बंदीविरुद्ध आदेश दिला होता. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. चित्रगृह ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे पदार्थ आत आणू द्यावेत की नाही हे मालक ठरवू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आशय आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांनी वाजवी प्रमाणात आणलेले अन्न आत नेऊ द्यावे, हेही तेथे नोंदवले गेले. पाणी आणि बाळाचे अन्न या दोन गोष्टींसाठी प्रेक्षकाने संकोच न करता आग्रह धरावा, कारण त्या त्याच्या हक्काच्या आहेत. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने चित्रगृहातल्या खाद्यपदार्थांवरचा कर पाच टक्के असल्याचे स्पष्ट केले.

या बंदीमुळे घरचे जेवण सुटीतून गेले नाही, त्याची जागा बदलली. आता लोक घरून पोटभर खाऊन निघतात आणि आत फक्त पॉपकॉर्न घेतात किंवा तेही टाळतात. गोव्यात तीच रीत वेगळ्या क्रमाने चालते. अनेक ख्रिस्ती घरांत रविवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना, दुपारी शाकुती किंवा माशांची कढी आणि भात, संध्याकाळी चित्रपट. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला, आणि २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागल्यावर गोव्याच्या प्रेक्षकाला जगभरचे चित्रपट दाराशी मिळाले.

सुटी कोणाची

या सगळ्या व्यवस्थेत एक जुने असमाधान आहे. घरातले इतर जण सुटीवर असतात तेव्हा स्वयंपाक करणारी व्यक्ती सर्वाधिक राबते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणही स्त्रियांच्या मानाने फारच कमी होते. मटण-भाकरी, मसालेभात, भरली वांगी यांची चव या मिनिटांतून तयार होते.

चित्रपटांनी हा विषय हाताळला आहे. सचिन कुंडलकर यांच्या २०१८ च्या ‘गुलाबजाम’मध्ये लंडनहून पुण्यात आलेला तरुण डबे करणाऱ्या एका स्त्रीकडून मराठी स्वयंपाक शिकतो. पुरुषाने चुलीपुढे विद्यार्थी म्हणून बसणे हाच त्या कथेचा गाभा आहे. प्रेक्षकगृहात बदल दिसला तो ३० जून २०२३ रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी. मैत्रिणी, बहिणी, सासवा-सुना, भिशीचे गट, सोसायट्यांतल्या स्त्रिया नटूनथटून एकत्र चित्रगृहात गेल्या. त्या दिवशी घरी कोणी काय रांधले, हा प्रश्न कुटुंबांना सोडवावा लागला आणि अनेकांनी तो सोडवलाही.

रविवारची विश्रांती कामगारांनी मागून घेतली होती. स्वयंपाकघरातली विश्रांतीही तशीच मागावी लागते आणि कामाची वाटणी करून द्यावी लागते. ही वाटणी झाली तर घरचे जेवण कोणाच्याही सुटीचा बळी न देता टिकते.

बेत कसा आखतात

करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून चित्रगृहे बंद झाली. मधल्या काही महिन्यांच्या अंशतः सुरुवातीनंतर ती पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रात परत उघडली. या काळात घरच्या पडद्याची सवय वाढली. तरीही मोठ्या पडद्याची ओढ उरली आहे, आणि आजचा निवांत शनिवार-रविवार दोन्ही मिळून आखला जातो.

शुक्रवारी रात्री तीन कामे होतात: कोणता चित्रपट, कोणता खेळ आणि कोणते जेवण हे ठरवणे, कडधान्य किंवा साबुदाणा भिजवणे, आणि कामे वाटून घेणे. शनिवारी सकाळी बाजार, म्हणजे भाजी, मासे किंवा मटण. ज्याने बाजार केला त्याने निवडणे-धुणेही करावे, हा नियम घरात सुखाचा ठरतो. कांदा-खोबऱ्याचे वाटण, लसणीची चटणी, भडंग किंवा चिवडा शनिवारी दुपारी करून ठेवता येतात. ते टिकतात आणि रविवारचे निम्मे काम हलके होते. शनिवारी रात्री घरीच एखादा जुना चित्रपट पाहायचा असेल, तर साधे जेवण बरे: थालीपीठ आणि लोणी, किंवा आमटी-भात.

रविवारी दुपारचा खेळ असेल तर जेवण एकाच मुख्य पदार्थाचे ठेवावे. मसालेभात, कढी आणि कोशिंबीर, किंवा रस्सा, भाकरी आणि कांदा एवढे पुरे होते. पोळ्या लाटणारा आणि भाजणारा असे दोघे ओट्याशी असले तर वीस मिनिटांत काम उरकते. जेवण आणि खेळ यांत किमान तासाभराचे अंतर ठेवले तर अंधारात पेंग येत नाही. सकाळचा खेळ निवडला तर तिकिटेही बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतात. तेव्हा पोटभर न्याहारी करून निघावे आणि परतून उशिरा जेवावे. त्यासाठी रस्सा आधीच करून ठेवलेला आणि भात लावायचा बाकी, अशी तयारी सोयीची. वयस्कर माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर दोन तासांच्या आतला चित्रपट, कडेची आसने आणि पिशवीत पाण्याची बाटली यांची काळजी घ्यावी. रात्रीच्या खिचडीचे डाळ-तांदूळ निघण्यापूर्वी मोजून ठेवावेत आणि ती कोण लावणार हेही आधीच ठरवावे. दुपारी ज्याने स्वयंपाक केला, त्याची ती पाळी नसावी.